एफ-वन दाबल्यावर...

सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कादंबरीसारखं पहिल्या पानापासून कोणी वाचत नाही. माणूस अडला की एफ-वन दाबतो आणि जे पान उघडेल तेवढंच वाचतो. म्हणून ऑनलाइन हेल्प धडे पाडून न लिहिता सुट्या 'टॉपिक'मध्ये लिहितात. त्यासाठी आयबीएममध्ये 'डिटा' ही एक्सएमएलवर आधारलेली पद्धत तयार झाली. २००५ मध्ये 'ओएसिस' संस्थेने तिला स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली.

यात टॉपिकचे मुख्य प्रकार तीन. लायब्ररीचं सॉफ्टवेअर घ्या. 'लेट फाइन म्हणजे काय' हा कन्सेप्ट. 'पुस्तक जमा कसं करून घ्यायचं' हा टास्क, त्यात क्रमाने पायऱ्या. स्क्रीनवरच्या रकान्यांचा तक्ता हा रेफरन्स. तिन्हींची खिचडी करायची नाही. कुठला टॉपिक कशानंतर, हे 'मॅप' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठरतं. फाइनचा दर एकदाच लिहून हवा तिथे जोडता येतो. दर बदलला तर दुरुस्ती एकाच जागी; नाहीतर एखादं पान जुनाच दर सांगत राहतं आणि काउंटरवर भांडणं!

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे निबंधाची सुरुवात-मध्य-शेवट डोक्यात पक्कं. इथे वाचक थेट मध्येच येतो. म्हणून प्रोजेक्टची हेल्प लिहिताना 'वर सांगितल्याप्रमाणे' दिसलं की खोडा. त्याच्यासाठी 'वर' काही नसतंच.