मुठीवरचे दागिने : जपानी धातुकामातून घेण्यासारखा धडा

आपल्या कारागीर बांधवांपैकी अनेकजण तांब्या-पितळेवर ठोकून उठावाचे काम करतात. काहींचा जुन्या वस्तूंचा व्यापार आहे. अशा दोघांच्याही उपयोगी पडेल अशा एका लहानशा वस्तूची माहिती आज आम्ही देत आहोत. जपानी सुरीच्या किंवा तलवारीच्या मुठीवर दोन्ही बाजूंना बसवलेली ही धातूची नक्षी असते. जपानीत तिला 'मेनुकी' म्हणतात. लांबी साधारण तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. पण या इवल्याशा वस्तूवर कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या जगल्या.

प्रथम तिचे काम काय, ते पाहू. जपानी पात्याचा मुठीत शिरणारा भाग एका आडव्या खुंटीने पक्का केलेला असतो. ही खुंटी बहुधा बांबूची असते. पूर्वी या खुंटीच्या डोक्यावरच नक्षी असे. पुढे खुंटी वेगळी झाली आणि नक्षी तेवढी शोभेसाठी राहिली. मुठीच्या लाकडावर पाकट माशाचे खरबरीत कातडे, त्यावर मेनुकी आणि वरून रेशमी फीत गुंडाळलेली, अशी मोठ्या तलवारीची रचना असते. 'तांतो' म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत पात्याची आखूड सुरी. तिच्या मुठीवर पुष्कळदा फीत नसते, मेनुकी थेट कातड्यावर बसते. साहजिकच तेथे काम पूर्ण उघडे दिसते आणि चूक लपत नाही.

या कामात गोतो घराण्याचे नाव मोठे. मूळ पुरुष गोतो युजो (१४४०-१५१२). या घराण्याने पिढ्यान् पिढ्या राज्यकर्त्यांसाठी काम केले. ड्रॅगन, सिंह, फुले, वेली, खेकडे, शेंगा असे विषय ते घडवीत. जोडीतील दोन नग हुबेहूब एकसारखे नसतात. ते एकमेकांना पूरक असतात.

आता बनविण्याची रीत. तांब्याचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा. राळ, बारीक भुकटी आणि थोडे तेल यांच्या लगद्यावर तो चिकटवायचा. मागच्या बाजूने ठशांनी ठोकून आकार फुगवायचा, मग उलटून पुढच्या बाजूने कडा खाली घ्यायच्या. ठोकून धातू कडक झाला की पुन्हा तापवायचा. शेवटी छिन्नीने बारीक रेघा काढून कडा कानशीने साफ करायच्या आणि मुठीच्या गोलाईप्रमाणे नग किंचित वाकवायचा. मागे छोटा खिळा डाख देऊन जोडतात. पोकळीत राळ भरतात, म्हणजे हाताच्या दाबाने नक्षी चेपत नाही. आमच्या उठावाच्या कारागिराला यातली एकही पायरी परकी वाटणार नाही.

खरे वैशिष्ट्य रंगात आहे. 'शाकुदो' हा तांब्याचा मिश्रधातू असून त्यात साधारण तीन ते पाच टक्के सोने असते. 'शिबुइची' म्हणजे 'चारांत एक', अर्थात तीन भाग तांबे व एक भाग चांदी. वस्तू तयार झाल्यावर ती मुळ्याच्या किसात किंवा रसात बुडवतात, आणि 'रोकुशो' नावाच्या ताम्रक्षारांच्या पाण्यात उकळतात. तेव्हा शाकुदो निळसर काळा होतो आणि शिबुइची राखाडी होतो. हा रंग लावलेला नसतो, धातूतूनच उमटलेला असतो. बिदरी कामातील जस्ताचा काळा रंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट पटकन समजेल.

व्यापारी बांधवांनी पारख शिकावी ती अशी. नग उलटा करून पाहावा. हाताने ठोकलेल्या नगाची पाठ पोकळ असते, पुढचा उठाव मागे खोलगट दिसतो आणि ठशांचे वळ उमटलेले असतात. ओतीव नकलेच्या रेघा बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे व कधी साच्याची कड दिसते. काही जुन्या जोड्यांत एका नगामागे नळी आणि दुसऱ्यामागे तिच्यात बसणारा खिळा असतो. ही जुन्या खुंटीची आठवण. मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नये. चांगल्या मालाला जपानमधील तलवार-कलेच्या संस्थेचे प्रमाणपत्र असते, तेही पाहावे.

ओतीव नक्कल विकणे गैर नाही. नक्कल 'जुनी' म्हणून विकणे मात्र गैर. गिऱ्हाईक एकदा फसले की ते केवळ त्या नगाला नव्हे, आपल्या सगळ्या मालाला आणि शेजारच्या दुकानालाही नावे ठेवते. म्हणून नव्या नगावर स्वतःची खूण कोरावी आणि पावतीवर धातू व पद्धत स्पष्ट लिहावी.

दराचा हिशेबही नीट करावा. एका जोडीत तांबे काही ग्रॅमच लागते. समजा, जोडीला तीन दिवस लागले, तर किंमत त्या तीन दिवसांची आहे, तांब्याची नाही. वजनावर भाव सांगणारा कारागीर आपलीच मजुरी फुकट देतो.

शेवटी एक गोष्ट. १८७६ साली जपानी सरकारने उघडपणे तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि या कारागिरांचे गिऱ्हाईक एका फटक्यात गेले. अनेकांचा धंदा बसला. पण ज्यांनी आपला हुन्नर मुठीपुरता मानला नाही, ते फुलदाण्या, डब्या आणि दागिन्यांकडे वळले. कानो नात्सुओ (१८२८-१८९८) या नामांकित कारागिराने तर नव्या सरकारी नाण्यांची नक्षी घडवली आणि पुढे कलाशाळेत शिकवले. वस्तूची मागणी बदलते, हात बदलत नाही. आपण आज ताटावर उठाव करीत असू तर उद्या तोच हात बटणावर, पेटीच्या कडीवर किंवा एखाद्या सुरीच्या मुठीवर चालू शकतो. मुलाला धंदा शिकवताना वस्तू शिकवू नका, हात शिकवा, एवढेच आमचे सांगणे आहे.