जिवाणूंची प्रथिनविषे आणि चिकित्सेचा काल



रोहिणी, विषूचिका व अपतानक हे तीन व्याधी आपण पदवी अभ्यासक्रमात निरनिराळ्या प्रकरणांत अभ्यासले. घटसर्प, पटकी (कॉलरा) व धनुर्वात या रोगांशी त्यांची लक्षणे पुष्कळ अंशी जुळतात. या तिन्ही रोगांत जिवाणू स्वतः शरीरभर पसरत नाही. तो घशात, आतड्यात किंवा जखमेत राहतो आणि त्याने निर्माण केलेले प्रथिनरूप विष रोग घडविते. हे विष पेशीत नेमके काय करते, हे समजल्यास चिकित्सेतील कालाचे महत्त्व स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात एवढाच विचार करावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही एका रुग्णामुळे वळलो. काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा घसादुखी व मंद ज्वर घेऊन आला. साधा गलशोथ समजून आम्ही तीन दिवस उपचार केले. चौथ्या दिवशी टॉन्सिलवर करडा पापुद्रा दिसला. तो काढू जाता रक्त आले. मान दोन्ही बाजूंनी सुजली होती. त्याच दिवशी त्यास मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे प्रतिविष व पेनिसिलिन मिळाले, पापुद्रा निघून गेला, ज्वर उतरला. परंतु दुसऱ्या आठवड्यात हृदयाची गती बिघडून मुलगा दगावला. "घसा तर बरा झाला होता, मग हे कसे झाले?" असे त्याच्या वडिलांनी आम्हांस विचारले. त्या वेळी आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही.

घटसर्पाचे विष

एमिल रू व अलेक्झांडर येर्सँ यांनी १८८८ मध्ये घटसर्पाच्या जिवाणूंचे संवर्धनद्रव्य गाळून जिवाणुरहित केले. ते द्रव्य टोचलेले प्राणीही मरण पावले. रोगाचे कारण विष आहे, हे त्यातून सिद्ध झाले. हे विष निर्माण करण्याची सूचना मुळात जिवाणूची नव्हे. त्यात शिरलेल्या एका जिवाणुभक्षी विषाणूच्या जनुकातून ती येते. म्हणून हा विषाणू न शिरलेला जिवाणू सामान्यतः असे विष तयार करीत नाही.

या विषाचे दोन भाग असतात. 'ब' भाग पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकास चिकटतो. पेशी नेहमीप्रमाणे त्या ग्राहकास आत ओढून घेते व विष एका सूक्ष्म पिशवीत बंद होते. पिशवीतील आम्लता वाढताच 'ब' भागाचा आकार बदलतो, पिशवीच्या भिंतीत मार्ग तयार होतो आणि 'अ' भाग पेशीद्रवात उतरतो. पेशीत प्रथिननिर्मिती पुढे सरकविणारा 'ईएफ-२' नावाचा घटक असतो. 'अ' भाग त्यास एक रासायनिक गट जोडून निकामी करतो व स्वतः न झिजता पुढच्या घटकाकडे वळतो. 'अ' भागाचा एक रेणूदेखील एक पेशी मारण्यास पुरेसा ठरतो, असे १९७८ मध्ये प्रयोगाने दाखविले गेले.

घशातील मृत पेशी, तंतुमय स्राव व जिवाणू मिळून पापुद्रा बनतो. रक्तात गेलेले विष हृदयाचे स्नायू व नाड्या यांत शिरते. प्रतिविष मात्र रक्तात व ऊतींत मोकळे असलेले विषच बांधू शकते. पेशीत उतरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही. प्रतिजैविक जिवाणू मारते, म्हणजे विषाचा कारखाना बंद करते; आधी बाहेर पडलेले विष त्याने निष्प्रभ होत नाही. त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. घसा बरा होत असताना हृदयातील पेशींचे नुकसान आधीच घडून गेले होते. आम्ही घालविलेले तीन दिवस मोलाचे होते.

विषूचिका व अपतानक

कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या जिवाणूचे आंत्रविष दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशीस मारीत नाही. ते पेशीतील एक नियंत्रक प्रथिन सतत चालू ठेवते; त्यामुळे क्लोराइड व त्यामागोमाग पाणी आतड्यात वाहत राहते. मात्र साखर व सोडियम एकत्र शोषणारा मार्ग शाबूत राहतो. जलसंजीवनीचे यश यातच आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी हे द्रावण तोंडाने देऊन असंख्य प्राण वाचविले. बाधित पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात; तोवर जलांश टिकवून धरणे हेच आपले कार्य.

धनुर्वाताचे विष जखमेतून नाडीतंतूंच्या मार्गाने सुषुम्नेत जाते आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींतील 'सिनॅप्टोब्रेविन' हे प्रथिन कात्रीप्रमाणे कापते. आवर सुटल्याने आक्षेप येतात. बोट्युलिझमचे 'ब' प्रकारचे विष तेच प्रथिन त्याच जागी कापते. पण ते नाडी व स्नायू यांच्या संधिस्थानी कार्य करीत असल्याने स्नायू लुळे पडतात. क्रिया एक, स्थान भिन्न, म्हणून लक्षणे विरुद्ध. स्थानसंश्रयाचा विचार करणाऱ्या आपणांस हे सहज पटावे.

आपला बोध

प्राचीन संज्ञा व आधुनिक रोग यांचे तंतोतंत समीकरण मांडण्याचा आमचा आग्रह नाही. तरी चरकाचार्यांनी त्रिशोथीय अध्यायात रोहिणीच्या रुग्णास तीन रात्रींची मर्यादा सांगितली आणि कुशल वैद्याने त्वरित उपचार केल्यास तो सुखी होतो, असेही म्हटले. सुश्रुताचार्यांनी गर्भपात, अतिरक्तस्राव व अभिघात यांमुळे होणारा अपतानक असाध्य मानला. कालाचे व साध्यासाध्यतेचे हे भान आजही तितकेच आवश्यक आहे. म्हणून व्यवसायात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. घसादुखीच्या प्रत्येक बालकाचा घसा पुरेशा उजेडात पाहावा व लसीकरणाचे कार्ड मागावे.

२. पापुद्रा दिसल्यास तो खरवडू नये. तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे. मार्गात घालविण्यासारखा वेळ नसतो. आरोग्य खात्यास कळवावे.

३. घसा बरा झाला तरी काही आठवडे नाडी, श्रम होताच लागणारी धाप, नाकातून बोलणे व नाकावाटे पाणी परत येणे यांकडे लक्ष ठेवावे.

४. निकट सहवासातील व्यक्तींचे प्रतिजैविक व लसीकरण वैद्यकीय सल्ल्याने व्हावे. रुग्णासही बरे होताना लस द्यावी, कारण रोग होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येतेच असे नाही.

५. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या मात्रांनंतर दीड व पाच वर्षांच्या सुमारास, तसेच दहा व सोळा वर्षांच्या वयात मिळणाऱ्या मात्रा चुकू देऊ नयेत.

ही लस म्हणजे त्याच विषाचे निरुपद्रवी केलेले रूप होय. ती घेतलेल्याच्या रक्तात प्रतिविष आधीच सिद्ध असते. पेशीच्या दारात आलेले विष दारातच अडविले जाते. आपल्या औषधीकल्पांचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु रुग्ण योग्य वेळी योग्य स्थळी पाठविणे हेही वैद्याचेच कर्म आहे, हे त्या मुलाने आम्हांस शिकविले.