शेजाऱ्याचा कुत्रा : भांडण नको, दहा दिवस लक्ष हवे

कुत्रा पाळणाऱ्याला तो घरचा राखणदार वाटतो. शेजारच्या मुलाला मात्र त्या फाटकापुढून जाताना धडकी भरते. यावरून दोन घरांत अबोला धरला जातो. कुत्रा चावतो त्या दिवशी हाच अबोला महागात पडतो. कसा, ते आज पाहू.

श्वानदंशातील मुख्य धोका रेबीजचा. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून हा विषाणू जखमेत शिरतो व मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळीच उपचार घेतल्यास मात्र हा रोग टाळता येतो.

चावल्यावर काय करावे?

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. मिरचीपूड, चुना, हळद, तेल असे काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लस दंडाच्या स्नायूत दिल्यास पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी, तर कातडीत दिल्यास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. रक्त आलेले असल्यास जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. पोटातील चौदा इंजेक्शनांच्या भीतीने कोणी घरी बसू नये. त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात २००४ मध्येच थांबले.

दहा दिवसांचे महत्त्व

चावल्यानंतर १० दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात. मग उरलेली इंजेक्शने थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. मात्र लस पहिल्याच दिवशी सुरू करावी. दहा दिवस वाट पाहू नये.

यासाठी कुत्रा जिवंत, बांधलेला आणि डोळ्यांसमोर हवा. प्रत्यक्षात काय होते? चिडलेले लोक त्याला मारून टाकतात, नाहीतर घाबरलेला मालक त्याला रातोरात शेतावर पाठवून देतो. कधी लस टोचलेली नसतानाही 'टोचली आहे' असे सांगितले जाते. अशाने डॉक्टरांच्या हातची माहिती जाते. दहा दिवसांत कुत्रा सुस्त झाला, विचित्र वागू लागला किंवा मेला, तर मालकाने कमीपणा न मानता शेजाऱ्याला तातडीने कळवावे.

आधीच काय करता येईल?

मालकाने कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस टोचावी, पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी आणि दाखला जपून ठेवावा. फाटकाला कडी असावी, बाहेर नेताना पट्टा असावा. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा जास्त भुंकतो. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवावे.

शेजाऱ्याने तक्रार मनात साठवू नये. "वहिनी, मुलं पाच वाजता शिकवणीहून येतात, तेवढा वेळ त्याला आत बांधाल का?" असे विचारल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. ऐकलेच नाही, तर नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा. पाळीव जनावराबाबत जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी दक्षता न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे.

मुलांना शिकवावे, की कुत्रा अंगावर आला तर पळू नये, हात अंगालगत ठेवून स्तब्ध उभे राहावे. खाणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला छेडू नये. आणि चावलाच, अगदी ओरखडा उमटला तरी, घरी लगेच सांगावे. रागावण्याच्या भीतीने मुले हे लपवतात; म्हणून आधी जखम धुवावी, कोणाची चूक ते नंतर पाहावे.