भाणापासून गीझरपर्यंत

शिरगावच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीच्या कोपऱ्यात, चुलीवर तांब्याचे भाण बसवलेले असे. ते तापवायला सुक्या झावळ्या आणि करवंट्या पुरत. पारिभाषिक शब्द एकही लागत नसे. पुढे गीझर आला, आणि एके सकाळी आत्या न्हाणीतून ओरडली, "नळ चावता रे!" पाहतो तो सॉकेटातील अर्थिंगच्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. आत्या थोडक्यात बचावली. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, हे शब्द केवळ परीक्षेपुरते नाहीत.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तिचा प्रवाह. पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला दाब अधिक, तसेच हे. (दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, गच्चीवरच्या टाकीखाली शॉवर रडका का, ते यावरून कळावे.) दोहोंचा गुणाकार वॅट. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. म्हणून त्याला पंख्याचा ६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही, १६ चा लागतो.

एक किलोवॅट एक तास चालला की एक युनिट. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक वीज आणि सुमारे १६ मिनिटे लागतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बसून डुंबण्याचे गरम पाण्याचे टब असतात. तसल्या टबातील हजार लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर नेण्यास साडेसतरा युनिटे जळतील. आमच्या गीझरला त्यासाठी जवळजवळ नऊ तास राबावे लागेल!

आता अर्थिंग. हीटरच्या कांडीला चीर गेली की वीज पाण्यात व धातूच्या टाकीत उतरते. अर्थिंगची तार असल्यास ती जमिनीत जाते. नसल्यास ओल्या माणसातून. तीन पिनांतली जाड, लांब पीन हिचीच. ती सॉकेटात सर्वांआधी शिरते. याउपर आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण गेलेला व परतलेला प्रवाह ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. साधा फ्यूज एवढ्याशा गळतीने वितळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

नळकामातला महत्त्वाचा शब्द सेफ्टी व्हॉल्व्ह. तापलेले पाणी फुगते. १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत सुमारे पाव लिटरला थोडे कमी इतके वाढते. थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते मागे जाऊ शकत नाही. मग दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. ही गळती समजून आमच्या शेजाऱ्यांनी तिथे लाकडी खुंटी ठोकली होती. मी ती काढायला लावली, आणि खाली एक तांब्या ठेवून दिला.