कुकर लावलाच नव्हता

‘मी’ने सुरुवात केली की लगेच तक्रारीचा सूर लागतो, म्हणून या हकिगतीतल्या माणसाला प्रस्तुत लेखक म्हणूया. तक्रार आहेच, ती काही लपणार नाही. पण निदान व्याकरणापुरतं तरी अंतर राहील.

प्रस्तुत लेखकाची बंदुकीशी ओळख कोल्हापूरच्या कॉलेजात, एनसीसीत झाली. .२२ रायफल, जमिनीवर पालथं पडायचं, कानात कापसाचे बोळे, पाच गोळ्या आणि हवालदाराच्या शिव्या. पुढे नोकरीपायी मिशिगनला येणं झालं, नोव्हायला घर झालं आणि ग्रीनकार्डानंतर हा शौक पुन्हा वर आला. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं, तेव्हा या घरात पेढे वाटले गेले. त्या संध्याकाळी चार जण म्हणाले, “तू जातोस ना कुठेतरी? आम्हालाही ने.” त्यातला एकही अद्याप आलेला नाही, आणि एका अर्थी बरंच झालं.

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची या भागात स्वतःची रेंजेस आहेत. आयलंड लेक, पॉन्टियाक लेक, बाल्ड माउंटन ही त्यातली नावं. प्रसंग घडला तो यांपैकी कुठेही नाही, एका खाजगी क्लबात. त्याचं नाव इथे येणार नाही.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. मिशिगनात १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो, आणि त्याआधीचे दोन आठवडे रेंजवर दिवाळीआधीच्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते. वर्षभर कपाटात पडलेली रायफल घेऊन जो तो नेम तपासायला येतो. लेखक सकाळी आठलाच पोचला होता. सहा नंबरचं बेंच, .२२ रायफल, पन्नास यार्डांवर कागद, शेजारी चहाचा थर्मास. तासभर सगळं झकास चाललं होतं.

नऊच्या सुमाराला पाच नंबरवर नारिंगी जाकिटातला एक गृहस्थ आला. वाटेत तीन बेंच रिकामी होती. तरी त्याने पाचच धरलं. त्याने पेटीतून आखूड नळीची रायफल काढली. नळीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खाचा पाडलेला लोखंडी गट्टू होता. नमस्कार नाही, मान हलवणं नाही. लेखक गालाला दस्ता लावून श्वास सोडत होता, आणि त्याच क्षणी पाच नंबरवर स्फोट झाला.

त्याला आवाज म्हणणं कमीच पडेल. डाव्या गालावर कुणीतरी ओल्या पंच्याचा फटका मारावा तसं वाटलं. बेंचवरचा गोळ्यांचा पुठ्ठ्याचा डबा कलंडला, थर्मासचं झाकण घरंगळत खाली गेलं, नोंदवहीची पानं फडफडून उलटली. लेखकाचा नेम कुठे गेला हे सांगण्यात अर्थ नाही, कागदावर ते भोक सापडलंच नाही.

तो गट्टू म्हणजे मझल ब्रेक. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून धगधगता वायू उसळतो, आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात या वायूचा मोठा वाटा असतो. ब्रेकच्या खाचा तो वायू पुढे जाऊ न देता बाजूला, काही मॉडेलांत तर थोडा मागेसुद्धा वळवतात. धक्का कितीतरी कमी होतो आणि रायफल कमी उसळते. तोफांनाही ब्रेक असतात. पण वायू बाजूला वळला की आवाजही त्याच्यासोबत बाजूला वळतो, आणि रेंजवर बाजूला माणूस बसलेला असतो. चालवणाऱ्याच्या खांद्याचं दुखणं शेजाऱ्याच्या कानात जातं, एवढाच हा व्यवहार. बुलेटचा सायलेन्सर काढून पेठेतून फिरणारा पोरगा आणि हा, दोघांचं तत्त्वज्ञान एकच. फरक इतकाच की महाराष्ट्रात पोलिसांनी तसले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवल्याच्या बातम्या तरी वाचायला मिळतात.

आकडेच सांगायचे तर, साध्या .२२ रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत अशा क्षणिक आवाजासाठी १४० हीच कमाल मर्यादा आहे. मोठ्या रायफली १६० च्या घरात जातात, आणि ब्रेक लागला की त्यावर आणखी पाच-दहा डेसिबल चढतात. दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा. त्यात वर पत्र्याचं छप्पर आणि बेंचांमध्ये फळ्यांच्या भिंती असल्या, तर आवाज तिथल्या तिथे घुमतो.

मग दक्षिण मिशिगनात ही ब्रेकवाली रायफल एवढी का दिसते? त्याला इथल्या नियमांचा इतिहास आहे. वस्ती दाट, जमीन सपाट, म्हणून राज्याच्या दक्षिण पट्ट्यात हरणांसाठी वर्षानुवर्षे मुख्यतः शॉटगनच चालायची. २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या, जाड गोळीच्या काही काडतुसांना परवानगी मिळाली आणि ४५० बुशमास्टर या काडतुसाचं नाव घरोघरी झालं. गोळी जाड, रायफल हलकी, त्यामुळे धक्का जबरदस्त. म्हणून बऱ्याच रायफली कारखान्यातूनच ब्रेक लावून येतात. त्या गृहस्थाकडे तीच होती. मुद्दाम त्रास द्यायला त्याने ब्रेक बसवला नव्हता, हे लेखक मान्य करतो. पण वाटेतली तीन रिकामी बेंच त्याला दिसली नाहीत, हे लेखक मान्य करत नाही.

चौथ्या गोळीनंतर लेखकाने हात वर करून त्याच्या बेंचच्या मागून हाक मारली. म्हणाला, “टोकाच्या बेंचवर जाल का? वारा इकडे येतोय.” गृहस्थाने इअरमफ एका कानावरून किंचित उचलला आणि म्हणाला, “कायदेशीर आहे. जमत नसेल तर तू हल.” आणि मफ सोडून दिला. दाराशी लाल जाकिटातला रेंज ऑफिसर उभा होता. त्याने खांदे उडवले. ब्रेकबद्दल क्लबाचा नियम नव्हता, आणि नियमाच्या पलीकडचं काही सांगणं हे त्याचं काम नव्हतं.

इथे लेखकाने शहाणपणा करायला हवा होता. सामान उचलायचं आणि टोकाला जायचं, दोन मिनिटांचं काम. पण आपण आधी आलो, आपण का उठायचं, हा अस्सल मराठी बाणा आड आला. आणखी पंधरा-सोळा गोळ्या लेखक तिथेच बसला, फक्त इअरमफ लावून, तेही चष्म्याच्या जाड काड्यांवरून.

परतीच्या वाटेवर गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली नाही. हीटरच्या घरघरीत बुडाली असेल म्हणून दुर्लक्ष केलं. घरी येऊन हातपाय धुतले, टेबलाशी बसला आणि सवयीने म्हणाला, “एक शिट्टी झाली गं.” बायको आतून म्हणाली, “कुकर लावलाच नाही अजून.” मग ती बाहेर आली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शिट्टी चालूच होती. बारीक, सलग, वाफ संपत नसल्यासारखी. त्या रात्री झोपताना पंखा लावला, तो हवेसाठी नव्हे.

तीन दिवसांनी ऑडिऑलॉजिस्टच्या बंद खोलीत बसून तपासणी झाली. आलेखाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली होती, डाव्या कानाची जास्त. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही आलात?” याला उत्तर नव्हतं. शिट्टी आता पुष्कळ मंद झाली आहे. रात्री मात्र भेटते.

म्हणून रेंजवर नव्याने जाणाऱ्यांसाठी, थोडं रागातलं आणि थोडं शिकलेलं:

दुहेरी कानबंद घ्या. आत फोमचे बोळे, वर इअरमफ. बोळा नुसता खुपसू नका. बोटांत वळून दोऱ्यासारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर खेचा, बोळा सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोट धरून ठेवा. समोरून बोळा दिसत असेल तर तो बसलेला नाही. पाकिटावर ३२-३३ डेसिबल लिहिलेलं असतं, पण तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी आवाज अडतो. दोन्ही लावल्यावर आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर साधारण पाचच डेसिबल वाढतात. तरी ते पाच हवेत. मफ इलेक्ट्रॉनिक घ्या आणि त्याचा आवाज वाढवून ठेवा, म्हणजे बोळे असूनही ‘सीझ फायर’ ऐकू येईल. चष्म्याच्या काड्या पातळ तारेच्या असू द्या. हे शेवटचं कुणीच सांगत नाही, आणि प्रस्तुत लेखकाला ते शिकायला फार महाग पडलं.

ब्रेक तुमच्याच रायफलीवर असेल तर टोकाचं बेंच धरा, शेजारी एक बेंच रिकामं ठेवा, पहिली गोळी झाडण्याआधी शेजाऱ्याला तीन शब्दांत तसं सांगा. ब्रेक काढून सराव करा असं लोक सुचवतात, पण ब्रेक काढला की नेम सरकतो, त्यामुळे हंगामाआधीची तपासणी ब्रेक लावूनच करावी लागते. पर्याय सप्रेसरचा, म्हणजे बंदुकीच्या सायलेन्सरचा. मिशिगनात तो कायदेशीर आहे, मात्र १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदणी लागते. हा सप्रेसर बाजारात आणणारा हायरम पर्सी मॅक्सिम हा मशीनगनवाल्या हायरम मॅक्सिमचा मुलगा, आणि बाप आयुष्यभराच्या गोळीबाराने ठार बहिरा झालेला. ऑलिंपिकच्या रायफलींवर मझल ब्रेकला बंदी आहे, हे त्या नारिंगी जाकिटाला सांगायचं राहून गेलं.

एच-वन-बीवर असाल तर आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने त्या व्हिसावर बंदूक हाती धरता येत नाही, मित्राची किंवा भाड्याची असली तरी. रेंजवरून आल्यावर हात धुवा. पाणी प्या. भांडू नका.

आणि आपण आधी आलो होतो, म्हणून बसून राहू नका. फोमच्या बोळ्यांचा दोनशे जोड्यांचा डबा लेखकाच्या गाडीच्या डिकीत कायम असतो. नोव्हायच्या आसपास असाल तर मागून घ्या, पैसे नकोत.