राणीच्या बागेत एक सकाळ

मुंबईत वसंत ऋतू कधी येतो आणि कधी जातो, हे चटकन कळत नाही. थंडी संपते न संपते तोच उकाडा सुरू होतो. पण वसंत पाहायचाच असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे. यंदा आठवीच्या वर्गाला घेऊन मी तेथे गेलो. निघताना एकच अट घातली होती : बागेत जो कोणी भेटेल, त्याच्याशी मराठीत बोलायचे.

अट ऐकून एक मुलगी गप्पच झाली. ती मराठी छान वाचते, शुद्ध लिहिते. पण बोलायची वेळ आली की मान खाली घालते. आपण चुकलो तर लोक हसतील, ही तिची भीती.

ही बाग १८६२ साली सुरू झाली. तेव्हा तिला इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिचे नाव होते. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण लोकांच्या तोंडी अजूनही 'राणीची बाग'च आहे. मुले पेंग्विन पाहायला अधीर झाली होती. मी त्यांना आधी झाडांकडे नेले. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचे खोड इतके जाड, की चार-पाच मुलांनी हात धरून त्याला वेढा घातला. पुढे एका झाडाच्या खोडावरच फुले लागली होती. खाली माळीकाका पाचोळा गोळा करत होते. ती मुलगी थोडा वेळ घुटमळली, मग पुढे झाली.

"काका, हा फूल कशाचा आहे?"

उर्दूत 'फूल' पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. माळीकाका हसले नाहीत. त्यांनी खाली पडलेले एक फूल उचलून तिच्या हातावर ठेवले. "हे फूल कैलासपतीचं. आत बघ, पिंडीवर नागानं फणा धरलाय असं दिसतं ना? म्हणून हे नाव." मग तेच म्हणाले, "दगडाचा हत्ती पाहिलात का?"

तो हत्ती वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहे. पूर्वी तो घारापुरी बेटावर उभा होता. त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचे ठरवले. उचलताना यारी मोडली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. बेटाचे नाव मात्र हत्तीवाचून तसेच राहिले.

काळ्या घोड्याचेही असेच झाले. राजपुत्राचा तो घोड्यावरचा पुतळा १९६५ साली या बागेत आला. २०१७ मध्ये जुन्या जागेजवळ स्वाराविना नवा घोडा बसवला. पण मधली पन्नास वर्षे घोडा नसतानाही लोक त्या भागाला 'काळा घोडा'च म्हणत होते.

१८७२ साली उघडलेल्या या वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. ते नामवंत डॉक्टर होते आणि जुने शिलालेखही वाचत. हे संग्रहालय उभे राहावे म्हणून झटणाऱ्यांत ते होते. आत जुन्या मुंबईतील लोकांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. त्यांच्या पगड्या आणि टोप्या पाहण्यातच आमचा अर्धा तास गेला. येथील संग्रहात हातिमताईच्या कथेचे सतराव्या शतकातील एक हस्तलिखितही आहे, असे मी सांगितले. तेव्हा मुलांचे डोळे चमकले. हातिमताई तर घरचाच!

बाहेर आलो, तर ती मुलगी पुन्हा हत्तीपाशी उभी होती. तिने वहीत त्याचे चित्र काढले होते. दगड जेथे जोडले आहेत, त्या रेषाही तिने काढल्या होत्या.

"सर, याला परत बेटावर का नेत नाहीत? याचं घर तर तिथे आहे."

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. एक मुलगा म्हणाला, "नेताना पुन्हा तुटेल." दुसरा म्हणाला, "शंभर वर्षांहून जास्त इथे आहे, आता हेच त्याचं घर." मुलीला ते पटले नाही. ती मराठीतच त्यांच्याशी वाद घालू लागली. लिंग-वचनाच्या चुका झाल्या असतील, मी मोजल्या नाहीत. वाद बसमध्ये बसेपर्यंत चालला. पेंग्विन पाहायचे राहूनच गेले.