खांद्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाशी दुखण्याविषयी कसे बोलावे
(गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळा म्हणजे हिरड्याचे दिवस. झाडावर चढून हिरडा पाडताना फांदी मोडते, पाय निसटतो, आणि माणूस हातावर पडतो. अशा पडण्यात खांदा निखळतो, हाड मोडते किंवा स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी कंडरा तुटते. कधी ऑपरेशन करावे लागते. रुग्ण हात झोळीत घेऊन घरी येतो तेव्हा मे महिना संपत आलेला असतो आणि आवणी तोंडावर असते. आपले काम इथे सुरू होते.

रुग्णाच्या मनात एक साधा हिशेब असतो: दुखते म्हणजे आत काहीतरी फाटते आहे, दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

पहिली बाजू पाहू. चिखलात आवणी करताना पायाला दगड लागतो, रक्त येते, पण ते संध्याकाळी पाय धुताना कळते. जखम तीच, पण दुखणे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी इटलीच्या आघाडीवरील गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले. बहुतेकांनी नको म्हटले. त्यांनी हे १९४६ साली प्रसिद्ध केले. दुखणे ही मेंदूने दिलेली राखण आहे. मेंदूला धोका जितका वाटतो तितके ते वाढते, आणि भीती, जागरण, घरची काळजी यांचीही त्यात भर पडते. म्हणून ऑपरेशननंतर राखणदार जरा जास्तच ओरडतो. दुखणे खोटे आहे किंवा मनाचे खेळ आहेत, असे मात्र रुग्णाला चुकूनही म्हणू नये. दुखणे खरेच असते.

अशा वेळी एवढेच सांगावे: "मावशी, दुखतंय ते खरं हाये. पण दुखतंय म्हणून टाका तुटला, असं न्हाई. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम जपून केला तर खांदा आखडायचा न्हाई."

ही भीती घालवली नाही तर रुग्ण हात हलवतच नाही. मग खांदा आखडतो आणि दुखणे लांबते. नुसत्या समजावण्याने दुखणे एकदम उतरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. समजावण्याने भीती कमी होते आणि व्यायाम होतो, फायदा त्यातून मिळतो.

आता दुसरी बाजू. आपल्या भागात मला हीच जास्त धोक्याची वाटते. कंडरा शिवली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवायला सांगतात, आणि ती हाडाला नीट धरायला तीन महिने किंवा जास्त लागतात. पण दुखणे त्याच्या बरेच आधी कमी होते. मेअखेरीस ऑपरेशन झालेल्या माणसाला जुलैत बरे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच खाचरात माणूस कमी पडतो. रोपांची जुडी उचलली, हंडा घेतला, मोळी ओढली की शिवलेली कंडरा पुन्हा सुटू शकते. दुखत नाही म्हणून वजन उचलायचे नाही. ती मोकळीक ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायची.

पहिल्या रात्रीची कल्पना आधीच द्यावी. ऑपरेशनच्या वेळी हात बधिर करणारे इंजेक्शन दिलेले असेल तर त्याचा असर उतरल्यावर, बहुधा रात्री, दुखणे एकदम उसळते. गोळी सांगितलेल्या वेळेला घ्यावी, असह्य होईपर्यंत थांबू नये. आडवे झोपवत नाही, म्हणून पाठीमागे गोधड्या लावून अर्धवट बसून झोपावे आणि कोपराखाली उशी घ्यावी. खांदा चोळू नये, डाग देऊ नये.

परवानगी मिळाली की सहसा झुलता व्यायाम असतो. चांगला हात ओट्यावर टेकायचा, पुढे वाकायचे आणि दुखरा हात घंटेच्या लोळीसारखा सैल सोडून अंगाच्या झोक्याने हळू हलू द्यायचा. किती दुखले तर चालेल? आकडे विचारण्यापेक्षा असे विचारावे: बोलता-बोलता विसरता येते का, की दात खावे लागतात? विसरता येत असेल आणि रात्रीपर्यंत पहिल्यासारखे होत असेल तर चालू ठेवावे. दुसऱ्या सकाळीही जास्तच असेल तर व्यायाम कमी करावा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

काही दुखण्यांपुढे मात्र समजावत बसू नये. ताप, जखमेतून पू, वाढती लाली, बोटे थंड किंवा निळी पडणे, बधिरपणा न जाणे, पुन्हा पडल्यावर हात अचानक न उचलणे, पोटरी सुजणे किंवा धाप लागणे. त्याच दिवशी घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर १०८ ला फोन करावा.

एक बोलणे ऑपरेशनच्या आधीच, घरच्या सगळ्यांना बसवून करावे. पाणी कोण भरणार, सरपण कोण आणणार, यंदाच्या आवणीला पडकई कोणाकडून घ्यायची आणि ती पुढच्या वर्षी कशी फेडायची? हे ठरलेले नसेल तर रुग्ण सगळे समजूनही जुलैत खाचरात उतरतो. ठरलेली नावे दवाखान्याच्या कार्डामागे लिहून ठेवावीत.